‘पर्यंत’चं इंग्रजी करताना : टिल की बाय?

सातपूरच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघणारा माझा एक विद्यार्थी मागे एकदा क्लास सुटल्यावर थांबला आणि त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. परदेशातल्या ग्राहकाला त्याने मेल लिहिला होता : ‘वुई विल डिस्पॅच द पार्ट्स टिल ट्वेंटिएथ.’ त्यावर उत्तर आलं होतं एका ओळीचं : ‘अँड व्हॉट हॅपन्स आफ्टर द ट्वेंटिएथ?’

‘‘मॅडम, हा चिडलाय का? मी तर त्याला सरळ तारीख दिली.’’

तो चिडला नव्हता. त्याने मनापासून विचारलं होतं. त्याला मेलमधून जे कळलं ते असं, की हे लोक वीस तारखेपर्यंत माल पाठवत राहणार आणि मग थांबणार. विद्यार्थ्याला म्हणायचं होतं, की वीस तारखेच्या आत सगळा माल निघालेला असेल. वाक्यात दुसरं काहीही चुकलेलं नव्हतं. ‘टिल’च्या जागी ‘बाय’ हवं होतं, एवढंच.

मराठी माध्यमातून शिकून नोकरीला लागलेल्या मुलामुलींना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते, आणि ही चूक मला दर बॅचमध्ये भेटते. ‘आय विल सबमिट द रिपोर्ट टिल फ्रायडे’, ‘प्लीज पे द फीज टिल टेन्थ’, ‘आय विल रीच टिल सिक्स’. दुरुस्त करून दिली की मान डोलावतात, वहीत लिहून घेतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ‘टिल’. बरीच वर्षं मीही फळ्यावर तेच लिहीत आले : मुदत असेल तर ‘बाय’, कालावधी असेल तर ‘टिल’. नियम खरा आहे, पण तो कामाला येत नाही. मेल लिहिताना कोणाच्या मनात ‘मुदत’ किंवा ‘कालावधी’ हे शब्द येत नाहीत. मनात येतो एकच शब्द, ‘पर्यंत’. म्हणून दुरुस्तीला तिथूनच सुरुवात करावी लागते.

बिघाड नेमका कुठे आहे

‘पर्यंत’ हा संस्कृतातून आलेला शब्द. परि आणि अन्त. अन्त म्हणजे शेवट, काठ. हा शब्द आपल्याला काठ दाखवतो आणि तिथेच थांबतो. त्या काठापर्यंत एखादी गोष्ट पसरून राहिली, की काठ यायच्या आधी कधीतरी एकदाच घडून गेली, हे ‘पर्यंत’ सांगत नाही. ते सांगतं आपलं क्रियापद.

‘मी शुक्रवारपर्यंत नाशिकला आहे.’ ‘मी शुक्रवारपर्यंत फाइल पाठवतो.’

दोन्हीकडे ‘शुक्रवारपर्यंत’ तेच आहे. पण पहिल्या वाक्यात मी रोज नाशिकला आहे आणि दुसऱ्यात फाइल एकदाच जाणार आहे, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. ‘असणं’ पसरतं, ‘पाठवणं’ एका क्षणी होतं, तेवढ्यावरून आपण समजून घेतो. इंग्रजीत हे काम क्रियापदावर सोडून चालत नाही. तिथे पसरण्यासाठी ‘टिल’ किंवा ‘अंटिल’ आणि एकदाच घडण्यासाठी ‘बाय’, असे दोन वेगळे शब्द घ्यावे लागतात. चुकीचा घेतला तर ऐकणारा क्रियापदाचाच अर्थ बदलून घेतो. ‘डिस्पॅच टिल’ म्हटल्यावर त्या ग्राहकाने नेमकं तेच केलं. एकदाच होणाऱ्या कामाचं त्याने रोज चालणारं काम करून टाकलं.

हे आपलंच कच्चेपण आहे, असं मुलांना वाटतं आणि ती इंग्रजीत बोलायला बिचकतात. तसं ते मुळीच नाही. हिंदीत ‘तक’ दोन्ही कामं करतं, जर्मनमध्ये ‘बिस’ दोन्ही कामं करतं, आणि इंग्रजी शिकणारे जर्मन लोक नेमके इथेच अडखळतात. इटालियन माणसाला हा त्रास नाही, कारण त्याच्या भाषेत ‘एन्त्रो’ आणि ‘फीनो आ’ असे दोन शब्द आधीपासून आहेत. आपल्या भाषेने एक शब्द पुरवला आहे, समोरची भाषा दोन मागते. त्रास एवढाच आहे.

‘च्या आत’ लावून बघा

आपल्याकडेही दुसरा शब्द आहे, फक्त आपण तो कमी वापरतो. इंग्रजी लिहिण्याआधी मराठी वाक्यातलं ‘पर्यंत’ काढा आणि तिथे ‘च्या आत’ घाला. वाक्य नीट लागलं, अर्थही तोच राहिला, तर इंग्रजीत ‘बाय’. वाक्य अडखळलं तर ‘टिल’.

‘शुक्रवारच्या आत फाइल पाठवतो.’ बरोबर लागलं. म्हणून ‘बाय फ्रायडे’.

‘शुक्रवारच्या आत मी नाशिकला आहे.’ कानाला लगेच खटकलं. म्हणून ‘टिल फ्रायडे’.

‘दहा तारखेच्या आत फी भरा.’ लागलं. ‘बाय द टेन्थ’.

‘दहा तारखेच्या आत दुकान बंद आहे.’ नाही लागलं. ‘क्लोज्ड टिल द टेन्थ’.

इथे तुमचा मराठी कान कामाला येतो, आणि तो लहानपणापासून तयार आहे. नियम पाठ करावा लागत नाही. माझ्या अनुभवात ज्या मुलांना व्याकरणाचा तक्ता महिनाभर पचला नाही, त्यांना ही युक्ती एका संध्याकाळीत जमली.

काही क्रियापदं मात्र दोन्हीकडे झुकतात. ‘मी रविवारपर्यंत हे पुस्तक वाचेन.’ याचा अर्थ रविवार येईपर्यंत वाचत बसेन, की रविवारच्या आत संपवेन? अशा वेळी मराठीच्या जोडक्रियापदांना विचारा. ‘वाचत राहीन’ म्हणायचं असेल तर ‘टिल’. ‘वाचून काढेन’, ‘वाचून टाकेन’, ‘वाचून होईल’ असं म्हणायचं असेल तर ‘बाय’. हा फरक आपण दिवसभर बोलताना पाळत असतो. ‘करत राहीन’ आणि ‘करून देईन’ यांत आपण कधीही गोंधळत नाही. इंग्रजीत मात्र एक अडचण राहते. ‘रीड बाय संडे’ एवढंच म्हटलं तर अपुरं वाटतं, त्यामुळे संपण्याचा शब्दही घालावा लागतो : ‘आय विल फिनिश द बुक बाय संडे.’ कामाच्या मेलमध्ये ‘फिनिश’, ‘कम्प्लीट’, ‘सेंड’, ‘डिलिव्हर’ यांतलं एखादं क्रियापद आलं की ‘बाय’ शेजारी असणार, हे गृहीत धरायला हरकत नाही.

लक्षात ठेवायला दोन गोष्टी घरात आणि खिशात आहेत. खाण्याच्या पाकिटावर ‘यूज बाय’ छापलेलं असतं, म्हणजे त्या तारखेच्या आत वापरून टाका. प्रवासाच्या पासवर ‘व्हॅलिड टिल’ असतं, म्हणजे त्या तारखेपर्यंत तो रोज चालत राहील. या दोन छापील ओळी एकदा शेजारी ठेवून बघा.

एक खड्डा मात्र आहे. ‘दहा मिनिटांच्या आत पोचतो’ हे वाक्य छान लागतं, म्हणून कोणी ‘आय विल रीच बाय टेन मिनिट्स’ लिहितं. ते चुकतं. ‘बाय’च्या पुढे घड्याळातली किंवा कॅलेंडरवरची एक जागा लागते : सहा वाजता, सोमवार, मार्चअखेर. ‘दहा मिनिटं’, ‘दोन आठवडे’ ही लांबी आहे, जागा नाही. तिथे ‘इन टेन मिनिट्स’ किंवा ‘विदिन टेन मिनिट्स’.

वाक्यात ‘नाही’ आलं की

इथवर बहुतेकांचं जमतं. खरी फसगत नकारात होते आणि त्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. माझ्या घरातलंच उदाहरण सांगते.

आईच्या एका तपासणीचा रिपोर्ट यायचा होता. लॅबमधून इंग्रजीत मेसेज आला : ‘रिपोर्ट विल नॉट बी रेडी बाय मंडे.’ मी तो तसाच परदेशात असलेल्या भावाला पुढे पाठवला. मंगळवारी डॉक्टरांबरोबर आमचं तिघांचं फोनवर बोलणं ठरलं होतं. भावाने मेसेज वाचला आणि भेट पुढच्या आठवड्यावर ढकलली. रिपोर्ट सोमवारी दुपारी आला. लॅबला मराठीत म्हणायचं होतं, ‘सोमवारपर्यंत रिपोर्ट मिळणार नाही’, म्हणजे सोमवारी मिळेल, त्याआधी विचारू नका. भावाने वाचलं ते वेगळं होतं, की सोमवार उजाडला तरी रिपोर्ट हातात नसेल, मग केव्हा येईल ते देव जाणे. त्याने इंग्रजी बरोबरच वाचलं होतं. आईला आठवडाभर जास्त काळजीत काढावा लागला.

बरोबर वाक्य असं हवं होतं : ‘द रिपोर्ट विल नॉट बी रेडी अंटिल मंडे.’

आता कोणी विचारेल, रिपोर्ट तयार होणं ही तर एकदाच घडणारी गोष्ट, मग इथे ‘अंटिल’ कसं? कारण वाक्य तयार होण्याबद्दल नाहीच, तयार नसण्याबद्दल आहे. आणि ‘नसणं’ पसरतं. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही, रविवारी नाही, सोमवार आला आणि ते नसणं संपलं. नकार आला की एका क्षणात घडणारी क्रियाही लांब पसरलेली अवस्था होते. ‘डोन्ट साइन अंटिल आय कम’, ‘शी डिडन्ट कॉल अंटिल नाइन’ ही सगळी याच घरातली वाक्यं आहेत.

म्हणून नकाराच्या वाक्यात स्वतःला एक प्रश्न विचारायचा : त्या दिवशी ते होणार आहे का? होणार असेल तर ‘नॉट अंटिल’. त्या दिवशीही होणार नसेल तर ‘नॉट बाय’. ‘द रोड विल नॉट बी रेडी बाय जून’ म्हणजे जूनमध्येही तोच खड्ड्यांचा रस्ता. ‘नॉट अंटिल जून’ म्हणजे जूनमध्ये नवा रस्ता. दोन अक्षरी शब्दाने माणसाचे बेत फिरतात, म्हणून मी या भागावर क्लासमध्ये दोन पूर्ण तास घालवते.

‘जोपर्यंत नाही, तोपर्यंत नाही’

कॉलेजच्या फलकावर ही ओळ मी अनेकदा वाचली आहे : ‘अंटिल यू डोन्ट पे द फीज, यू विल नॉट गेट द हॉल तिकीट.’ मुळातलं मराठी वाक्य निर्दोष आहे : जोपर्यंत फी भरत नाही, तोपर्यंत हॉल तिकीट मिळणार नाही. मराठीतलं ‘जोपर्यंत’ फी न भरलेल्या दिवसांकडे बोट दाखवतं, म्हणून तिथे ‘नाही’ लागतं. इंग्रजी ‘अंटिल’ ज्या दिवशी फी भरली जाईल त्या दिवसाकडे बोट दाखवतं, म्हणून तिथे ‘नाही’ चालत नाही.

यावरही उपाय मराठीतच आहे. ‘जोपर्यंत… तोपर्यंत’ची जोडी मोडा आणि ‘-ईपर्यंत’ किंवा ‘-एपर्यंत’ करून बघा : ‘फी भरेपर्यंत हॉल तिकीट मिळणार नाही.’ पहिला ‘नाही’ आपोआप गळून पडला! आता हेच वाक्य इंग्रजीत न्या : ‘यू विल नॉट गेट द हॉल तिकीट अंटिल यू पे द फीज.’ ‘तो येत नाही तोवर जेवू नका’चं ‘तो येईपर्यंत जेवू नका’ करा, मग ‘डोन्ट ईट अंटिल ही कम्स’. या रूपावरून थेट गेलात तर ‘अंटिल ही डझन्ट कम’ लिहिताच येणार नाही. ‘येईपर्यंत’मधला ‘ई’ ऐकून ‘विल’ घालायचा मोह होतो, तोही टाळा. ‘अंटिल’नंतर भविष्यकाळाचं ‘विल’ येत नाही.

‘जोपर्यंत मी आहे तोपर्यंत काळजी करू नकोस’ हे मात्र निराळं वाक्य आहे. त्यात काठावर पोचायचंच नाही, सोबत राहायचं आहे. तिथे ‘ॲज लाँग ॲज आय ॲम हिअर’.

गाडी सुटली तेव्हा

‘मी स्टेशनवर पोचेपर्यंत गाडी सुटली होती.’ याचं ‘टिल आय रीच्ड, द ट्रेन लेफ्ट’ असं भाषांतर सर्रास ऐकू येतं. वरची युक्ती इथेही लावा. ‘पोचायच्या आत गाडी सुटली.’ उत्तम लागलं, म्हणजे शब्द ‘बाय’च्या घरातला हवा. पण ‘बाय’ला पुढे एखादी वेळ पेलते, अख्खं वाक्य पेलत नाही. म्हणून ते ‘बाय द टाइम’ होऊन येतं : ‘बाय द टाइम आय रीच्ड, द ट्रेन हॅड लेफ्ट.’

आता फक्त क्रियापद बदला : ‘मी पोचेपर्यंत गाडी थांबली होती.’ थांबणं पसरलेलं आहे, मी आले आणि ते संपलं. ‘द ट्रेन वेटेड टिल आय रीच्ड.’ पहिल्यात मी फलाटावर एकटी उभी आहे, दुसऱ्यात मी डब्यात चढले आहे. मराठीत ‘मी पोचेपर्यंत’ हे शब्द दोन्हीकडे अक्षर न् अक्षर तेच आहेत. ही दोन वाक्यं मी फळ्यावर एकाखाली एक लिहिते आणि मुलांना नुसती वाचायला सांगते. बऱ्याच जणांना सगळा विषय तिथेच उलगडतो.

जागेच्या आणि मोजणीच्या ‘पर्यंत’ला यातलं काहीच लागू नाही. ‘ठाण्यापर्यंत सोडतो’ याला ‘ॲज फार ॲज ठाणे’, ‘शंभरपर्यंत मोज’ याला ‘अप टु हंड्रेड’.

टिल, अंटिल आणि स्पेलिंग

या दोघांत अर्थाचा फरक नाही. ‘अंटिल’ थोडं औपचारिक वाटतं आणि वाक्याच्या सुरुवातीला तेच शोभतं, एवढंच. ‘टिल’ हे ‘अंटिल’चं तोडून केलेलं रूप आहे, असा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात ‘टिल’च जुनं. स्कॉटलंडमधल्या रुथवेल गावी आठव्या शतकातला मानला जाणारा दगडी क्रूस आहे, त्यावर रून लिपीत कोरलेल्या ओळींमध्ये हा शब्द आहे. ‘अंटिल’ पुढे काही शतकांनी, ‘पर्यंत’ याच अर्थाचा एक तुकडा ‘टिल’च्या पुढे जोडून तयार झालं. म्हणून ‘टिल’च्या आधी लोपचिन्ह (अपॉस्ट्रॉफी) द्यायची गरज नाही. स्पेलिंगमध्ये ‘टिल’ला दोन एल आणि ‘अंटिल’ला एक, हे मात्र पाठच करावं लागतं. ‘टिल डेट’ भारतात सगळीकडे चालतं, पण बाहेरच्या ग्राहकाला लिहिताना ‘टु डेट’ किंवा ‘सो फार’ लिहा.

शुक्रवार धरायचा की नाही?

‘बाय फ्रायडे’ म्हटलं की शुक्रवार धरूनच असतो. पण शुक्रवारी किती वाजेपर्यंत? इथे शब्द बरोबर असूनही काम अडतं. आपली वेळ लंडनच्या हिवाळ्यातल्या वेळेच्या साडेपाच तास पुढे असते आणि उन्हाळ्यात साडेचार तास. आपण संध्याकाळी सहाला फाइल पाठवली तर तिथे भर दुपार असते. उलट त्यांनी त्यांच्या सहाच्या हिशोबाने काही मागितलं असेल, तर आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात. म्हणून ‘बाय सिक्स पीएम इंडिया टाइम ऑन फ्रायडे’ असं पूर्ण लिहा. सरकारी पत्रात किंवा करारात ‘ऑन ऑर बिफोर’ लिहितात, ते याच कारणाने : तो दिवस आत आहे, हे त्यात बोलून दाखवलेलं असतं.

‘टिल’चं इथे जास्त अवघड आहे. ‘आय ॲम ऑन लीव्ह टिल फ्रायडे’ वाचून निम्मे लोक शुक्रवारी तुमची वाट बघतील आणि निम्मे सोमवारी. रजेच्या मेलमध्ये शेवटची तारीख देऊन थांबू नका, परत यायचा दिवस लिहा : ‘आय विल बी बॅक ऑन मंडे.’ अमेरिकन लोक ‘थ्रू फ्रायडे’ म्हणतात, तेव्हा शुक्रवार नक्की आत असतो. त्यांच्याकडून असा मेल आला तर तसाच वाचा.

सवय मोडण्यासाठी मी मुलांना एकच गृहपाठ देते. मोबाइलमधल्या पाठवलेल्या मेलमध्ये जायचं, शोधाच्या चौकटीत ‘टिल’ टाकायचं आणि जे निघेल त्यातल्या प्रत्येक वाक्याला ‘च्या आत’ लावून बघायचं. स्वतःचीच वाक्यं असतात, त्यामुळे काय म्हणायचं होतं ते आठवतं. सातपूरच्या त्या मुलानेही ते केलं. दुसऱ्या दिवशी त्याने कागदावर उतरवून आणलं : रजेच्या अर्जांमधलं प्रत्येक ‘टिल’ बरोबर, आणि मालाच्या मेलमधलं प्रत्येक चुकलेलं. कागदाच्या खाली त्याने ग्राहकाला पाठवलेली नवी ओळ होती : ‘ऑल पार्ट्स विल बी डिस्पॅच्ड बाय द ट्वेंटिएथ; अवर ऑफिस इज ओपन टिल सिक्स एव्हरी डे.’ दोन्ही शब्द एकाच वाक्यात, आपापल्या जागी. मी त्याला एवढंच विचारलं, ‘‘सहा कुठले, आपले की त्यांचे?’’ तो हसला, पेन काढलं आणि ‘सिक्स’च्या पुढे ‘इंडिया टाइम’ लिहिलं.